आधी साइट की आधी एम.टेक.? बांधकाम व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्या अभियंत्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यंदा सांगलीहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हाती आली आहे आणि बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करण्याची इच्छा आहे. मामा स्वतः सरकारी कामांचे कंत्राटदार असून ते म्हणतात, आधी दोन वर्षे साइटवर उन्हात उभे राहा, मग शिका. आईवडिलांना मात्र काळजी आहे की एकदा पगार सुरू झाला की मुलगा पुस्तकाकडे परत वळणार नाही. शिवाय या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात आणि तो केल्यावर माणूस साइटवर राहतो की कार्यालयात बसतो, हेही तुम्ही विचारले आहे. मी सव्वीस वर्षे बांधकामाचे नियोजन आणि कंत्राट प्रशासन या कामांत आहे आणि त्यांतली गेली नऊ वर्षे एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गालाही शिकवतो.

माझे मत मामांच्या बाजूचे आहे, फक्त मी वर्षे मोजणार नाही. पाया खोदण्यापासून प्लास्टरपर्यंत एक तरी इमारत तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे, तिच्यातल्या काही कामांची मोजमापे तुम्ही स्वतः घेतलेली असली पाहिजेत आणि त्या मोजमापांवरून निघालेले एखादे रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने सादर होणारे बिल) मंजूर होईपर्यंत तुम्ही त्याचा पाठपुरावा केलेला असला पाहिजे. एखाद्याला हे दीड वर्षात मिळते. एखादा चार वर्षे एकाच टॉवरवर फक्त सळईची तपासणी करत राहतो आणि त्याला ते मिळत नाही. आईवडिलांच्या काळजीवरही साधा उपाय आहे. गेट ही एम.टेक. प्रवेशासाठीची परीक्षा आत्ताच, अभ्यास ताजा असताना द्या. तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे नोकरी करतानाही परतीची वाट उघडी राहते.

अनुभवावर मी इतका भर का देतो, हे अभ्यासक्रमात काय असते ते पाहिल्यावरच कळेल. बाहेरून पाहिले तर विषयांची यादी लांबलचक असते, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी वेळ, पैसा आणि कंत्राट हे तीनच विषय आहेत आणि या तिघांचा एकमेकांशी असलेला संबंध हाच खरा अभ्यास आहे.

वेळेपासून सुरुवात करतो. १९५७च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत (कामांच्या कोणत्या साखळीवर प्रकल्पाची शेवटची तारीख ठरते ते शोधणारी) आकाराला आली आणि जवळजवळ त्याच काळात तिथल्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही तशीच नियोजनाची पद्धत तयार केली. यातले गणित बेरीज-वजाबाकीचे आहे आणि माझे विद्यार्थी ते दोन तासांत शिकतात. अडते ते निराळ्याच ठिकाणी: कोणते काम कशावर अवलंबून आहे, हे त्यांना सांगता येत नाही. दरवर्षी मी वर्गाला बारा मजल्यांच्या इमारतीचे वेळापत्रक करायला देतो आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक जण दर सात दिवसांनी एक स्लॅब भरून मोकळे होतात. मग मी विचारतो की प्रॉप, म्हणजे स्लॅबखालचे टेके, कुठून आणणार? आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेके किमान सात दिवस ठेवावे लागतात आणि गाळा त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस, तेही साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी थांबावे लागते. आता गाळा मोठा आहे असे धरा. स्लॅब दर दहा दिवसांनी भरायचा असेल तर खालच्या मजल्याचे टेके सुटण्याआधीच वरच्या मजल्याचे शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) सुरू झालेले असते, म्हणून प्रॉपचे दोन संच लागतात. तोच स्लॅब सात दिवसांवर आणायचा म्हटला तर तिसरा संच लागतो. तिसरा संच म्हणजे जास्तीचे भाडे, जास्तीची जागा आणि सुतारांची आणखी एक टोळी. वरच्या मजल्याचा भार खालच्या कोवळ्या स्लॅबने किती घ्यायचा, हा प्रश्न तर संरचना अभियंत्यालाच विचारावा लागतो. ज्या विद्यार्थ्याने साइटवर संध्याकाळी प्रॉप मोजले आहेत, तो हा प्रश्न माझ्याआधी विचारतो. ज्याने मोजलेले नाहीत, त्याच्या संगणकावरचा आलेख सुबक असतो, पण त्या आलेखावर काम चालत नाही.

क्रिटिकल पाथ समजावताना मी कोकण रेल्वेचे उदाहरण देतो, कारण आपल्या भागात याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते आणि रोह्यापासून मंगळूरच्या दिशेने जाणारा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीच्या कुशीतून काढायचा होता. त्यात नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आले. कठीण खडकातले बोगदे यंत्रांच्या बळावर वेगाने पुढे गेले. हाल झाले ते मऊ मातीतल्या मोजक्या बोगद्यांत, जिथे खोदलेली माती पुन्हा आत येत असे. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटर लांबीचा आहे, पण बाकीचा मार्ग तयार होत आला तरी तो पुरा होईना आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडावे लागले. पेडण्यात लागलेला प्रत्येक जादा आठवडा संपूर्ण मार्गाच्या तारखेत मिळवला जात होता, आणि दुसरीकडे कुठे आठवडा वाचला तरी त्याचा त्या तारखेला उपयोग नव्हता. फ्लोट (शेवटची तारीख न हलता कामाला मिळणारी उसंत) आणि क्रिटिकल (अशी उसंतच नसलेले काम) या दोन शब्दांचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगणारा धडा मी पुस्तकात पाहिलेला नाही. याच जोडीने भूगर्भाचे सर्वेक्षण आधी किती खोलवर करायचे आणि जमिनीतली अनपेक्षित माती ही कोणाची जोखीम, हे दोन प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतात, आणि तिथून कंत्राटाचा विषय सुरू होतो.

त्याआधी पैशाविषयी सांगतो. साइटवर नव्याने आलेल्या अभियंत्याला खर्च दिसतो, पण खर्च आणि प्रगती यांची सांगड दिसत नाही. अर्न्ड व्हॅल्यू ही पद्धत नेमके तेवढेच शिकवते. समजा, चोवीस कोटींचे काम बारा महिन्यांत करायचे आहे आणि सहा महिन्यांअखेर बारा कोटींचे काम व्हावे असे नियोजन होते. प्रत्यक्षात अंदाजपत्रकी दराने नऊ कोटींचेच काम झाले आहे आणि त्यासाठी खर्च झाला आहे साडेदहा कोटी. नुसता खर्च पाहणारा मालक म्हणेल, ‘छान, बाराच्या जागी साडेदहाच गेले, दीड कोटी वाचले.’ खरी परिस्थिती अशी की नियोजनाच्या पंचाहत्तर टक्केच काम झाले आहे, खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे सुमारे ८६ पैशांचे काम पदरात पडले आहे आणि हीच चाल राहिली तर चोवीस कोटींचे काम अठ्ठावीस कोटींना पडेल. हे साडेदहाव्या महिन्यात कळण्याऐवजी सहाव्या महिन्यात कळावे, यासाठीच हा विषय शिकायचा.

दुसरी बाब रोख रकमेची आहे आणि ती तुमच्या मामांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. महिनाभर काम करायचे, महिनाअखेरीस मोजमापे घ्यायची, ती मोजमाप पुस्तिकेत चढवायची, बिल सादर करायचे, ते तपासले जाणार, त्यातून सुरक्षा ठेव आणि कर कापले जाणार आणि मग पैसे येणार. महिन्याला एक कोटीचे काम होत असेल आणि बिल निघायला दोन महिने लागत असतील, तर पहिले पैसे हाती पडेपर्यंत जवळजवळ तीन कोटींचे काम झालेले असते. सिमेंट-सळईवाल्याची उधारी जितके दिवस चालते तेवढाच दिलासा. मजुरांची हजेरी मात्र दर पंधरवड्याला भागवावीच लागते. फायद्यात असलेले कंत्राटदार याच फटीत बुडतात. एम.टेक.च्या वर्गात हे कोष्टक मांडून शिकवतात, पण ते कोष्टक खरे वाटण्यासाठी पेटी कंत्राटदाराला, म्हणजे आपल्या हाताखालच्या छोट्या कंत्राटदाराला, ‘पुढच्या शनिवारी नक्की’ असे एकदा तरी सांगावे लागलेले असावे.

महाराष्ट्रात या विषयाला आता कायद्याचेही बळ आहे. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि तो काढताना काम किती टक्के झाले याचे प्रमाणपत्र अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी द्यावे लागते. म्हणजे प्रगतीचा टक्का काढणे हे आता वर्गातले उदाहरण उरलेले नाही. त्या टक्क्याखाली अभियंत्याची सही असते आणि त्या सहीच्या भरवशावर कोणाच्या तरी घरासाठीचे पैसे खात्यातून निघतात.

आता कंत्राट. इथे मला माझाच अनुभव सांगायचा आहे. नोकरीच्या सहाव्या वर्षी मी एका कंत्राटदाराकडे प्रकल्प अभियंता होतो. सल्लागाराकडून तळघराची सुधारित रेखाचित्रे सत्तेचाळीस दिवस उशिरा आली. त्या दिवसांत चाळीस माणसे आणि एक क्रेन साइटवर बसून होती. मी रोज फोन करत होतो, बैठकीत बोलत होतो आणि सल्लागाराचा माणूस दरवेळी ‘हो, आमच्याकडूनच राहिले आहे’ असे मान्यही करत होता. पत्र मात्र मी एकही लिहिले नाही, कारण रोज ज्यांच्यासोबत चहा घेतो त्यांना नोटीस कशी द्यायची, असे मला वाटत होते. अंतिम बिलाच्या वेळी मुदतवाढीचा आणि बसून राहिलेल्या यंत्रांचा दावा केला तेव्हा कंत्राटातले कलम समोर ठेवण्यात आले: घटना कळल्यापासून अठ्ठावीस दिवसांत लेखी सूचना दिली नसेल तर दावा करता येणार नाही. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या लाल पुस्तकात, म्हणजे नमुना कंत्राटात, विसाव्या कलमात हीच अट आहे आणि आमच्या कंत्राटात ती शब्दशः उतरवलेली होती. दावा गेला, उलट उशिराचा दंड आमच्याच बिलातून कापला गेला. मी ते कलम वाचलेले होते. त्याचे वजन काय असते, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

पुढे दोन वर्षांनी मी पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्गात बसलो. प्राध्यापकांनी १८७२च्या भारतीय करार कायद्याचे पंचावन्नावे कलम काढले. वेळ हा कराराचा गाभा असताना उशिरा झालेले काम स्वीकारायचे असेल, तर नुकसानभरपाई मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवावा लागतो, नाहीतर ती मागता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. माझ्या शेजारी बसलेला, थेट पदवीवरून आलेला मुलगा ते परीक्षेसाठी वहीत उतरवत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते सत्तेचाळीस दिवस होते, ती क्रेन होती आणि मी न लिहिलेले पत्र होते. त्र्याहत्तरावे कलम नुकसानभरपाईचे, चौऱ्याहत्तरावे ठरीव दंडाचे, आणि १९९६चा लवाद कायदा वाद पुढे कुठे न्यायचा याचा. हे सारे मी त्या सहामाहीत अधाशासारखे वाचले. तो मुलगा हुशार होता, गुण त्यालाच जास्त मिळाले, आणि त्याची काही चूकही नव्हती. त्याच्याकडे त्या कलमांना अडकवायला खुंटीच नव्हती.

या अभ्यासक्रमांवर माझा एक आक्षेपही आहे. बहुतेक ठिकाणी मजूर हा विषय ‘मनुष्यबळ’ या शब्दाखाली दोन व्याख्यानांत उरकला जातो. प्रत्यक्षात काम पुढे सरकते ते मुकादमाच्या शब्दावर. टोळी छटपूजेला गावी गेली की परत कधी येईल, उचल किती दिली आहे, राहण्याच्या जागी पाणी आणि संडास आहे की नाही, यांवर तुमच्या वेळापत्रकाचे भवितव्य ठरते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी भरला जातो, पण आपल्या साइटवरच्या किती माणसांची कल्याण मंडळाकडे नोंदणी झाली आहे, हे अनेक प्रकल्प व्यवस्थापकांना सांगता येत नाही. उंचीवरून पडून होणारे मृत्यू हा तर या क्षेत्रातला सर्वांत दुःखद भाग आहे. सज्जाला कठडा आणि लिफ्टच्या खड्ड्याला झाकण नसते, तेव्हा तो दोष ज्याने त्या मजल्याचे नियोजन केले त्याच्याकडे जातो, कारण कठड्याची वेळ आणि कठड्याचे पैसे त्याच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात नव्हते. सुरक्षेला स्वतंत्र विषय म्हणून न शिकवता नियोजनाच्या प्रत्येक तासात आणले पाहिजे, असा माझा आग्रह आहे आणि माझ्या वर्गात तरी मी तसेच करतो.

कुठे शिकावे? महाराष्ट्रात मुंबईचे व्हीजेटीआय आणि पुण्याचे सीओईपी येथे हा विषय पदव्युत्तर पातळीवर आहे. पुण्याच्या बालेवाडीतले निकमार तर १९८३ पासून केवळ याच क्षेत्राला वाहिलेले आहे आणि आता विद्यापीठ झाले आहे. बाहेर मद्रास आणि दिल्लीची आयआयटी आहे आणि अहमदाबादचे सेप्ट आहे. लार्सन अँड टुब्रोची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती घेऊन आयआयटीत हाच विषय शिकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ती मिळाली तर शिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि त्या बदल्यात ठरलेली वर्षे तिथे नोकरी करावी लागते. अशी संधी किंवा गेटमध्ये उत्तम क्रमांक मिळाला असेल तर अनुभवाचा माझा आग्रह मी सोडतो: प्रवेश घ्या आणि सुट्ट्यांमध्ये मिळेल त्या साइटवर राहा. पण घरच्यांनी कर्ज काढून भरमसाट शुल्क भरायचे असेल, तर तेथे दोनच गोष्टी पाहा. कंत्राट हा विषय शिकवणाऱ्याने कधी खरा दावा लिहिला आहे का, आणि मागच्या वर्षीच्या प्रबंधांत खऱ्या साइटची आकडेवारी आहे का. प्रश्नावली वाटून ‘विलंबाची कारणे’ क्रमाने लावलेले प्रबंध मी इतके तपासले आहेत की कारणांचा क्रम न वाचता सांगू शकतो.

परदेशाचा विचार असेल तर एक गोष्ट नीट तपासा. ब्रिटनमध्ये क्वांटिटी सर्व्हेइंग हा वेगळा, मानाचा व्यवसाय आहे आणि तिथला अभ्यासक्रम त्याकडे झुकलेला असू शकतो. आपल्याकडे ते काम स्थापत्य अभियंताच करतो. अमेरिकेत शिक्षणानंतर किती काळ काम करता येईल, हे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणावर अवलंबून असते, त्यामुळे जवळजवळ सारख्या नावाच्या दोन पदव्यांचे परिणाम वेगळे होऊ शकतात. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाला वर्गीकरणाचा क्रमांक लेखी विचारा.

सॉफ्टवेअरची फार चिंता करू नका. प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट हे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर दोन महिन्यांत हाताला बसते. बिमचे (इमारतीची संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करण्याच्या पद्धतीचे) महत्त्व वाढत आहे आणि ते शिकावे, पण त्रिमितीय प्रतिकृतीतही स्लॅब कधी भरायचा हे कोणीतरी ठरवावेच लागते.

आणि कार्यालय की साइट? पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा नियोजन, बिलिंग किंवा निविदा विभागात मिळते, म्हणजे टेबल येते. मात्र ज्या नियोजकाला मुकादम ओळखत नाही, त्याचे वेळापत्रक भिंतीवरच राहते. माझ्या हाताखाली येणाऱ्यांना मी आठवड्याचे दोन दिवस टेबलावर बसूच देत नाही.

म्हणून आता साइटवर रुजू झालात की पहिल्या दिवसापासून एक जाड वही ठेवा. तिच्यात रोज किती माणसे आली, कोणत्या टोळीने किती चौरस मीटर शटरिंग किंवा किती किलो सळई बांधली, पाऊस किती वेळ पडला, कोणते रेखाचित्र कधी आले आणि त्याची कितवी सुधारित प्रत आहे, एवढे रात्री जेवणाआधी लिहा. दर सोमवारी, या आठवड्यात कोणती कामे पूर्ण होतील असे आपण ठरवले आहे ते टिपून ठेवा आणि शनिवारी त्यांपैकी किती खरोखर झाली याचा टक्का काढा. न झालेल्या प्रत्येक कामापुढे एका ओळीत कारण लिहा. हीच लीन, म्हणजे वेळ आणि साहित्य वाया जाणे टाळणाऱ्या, बांधकामातल्या लास्ट प्लॅनर या नियोजन पद्धतीची पहिली पायरी आहे आणि तिला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. दीड वर्षाने तुमच्याजवळ सत्तरहून अधिक आठवड्यांची अशी नोंद असेल. ती वही घेऊन प्रवेशाच्या मुलाखतीला जा. प्रबंधाचा विषय आणि त्याची आकडेवारी तुम्ही सोबत घेऊनच आलेले असाल.